कोपऱ्यातल्या पाटीवरची रिकामी चौकट

मी पडद्याच्या कोपऱ्यातली पाटी बोलतेय. दगडी पाटी नव्हे, दुकानावरचीही नव्हे. तैवानात लुगांग गावाजवळ नळ बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात प्रत्येक संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे वर जी अक्षरं दिसतात, ती मी. वर वेळ, तिच्याखाली तारीख आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत एक नाव, आज पाळी कोणाची ते सांगणारं. मला बोटाने ढकलता येत नाही की मिटता येत नाही. बाकीच्या खिडक्या माझ्यावरून उघडतात, बंद होतात. मी मागे चिकटून असते आणि सगळं ऐकत असते.

आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून फार मायेची अपेक्षा करू नका. मी दर सेकंदाला स्वतःला पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिते. माया अंगात मुरायला वेळ लागतो, तेवढा मला कुणी दिलाच नाही.

माझा जन्म भीतीपोटी झाला. मालकांचा पुतण्या मिंग-शुन तैपेईला शिकायला गेला होता. शिक्षण अर्धवट टाकून परत आला, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला ऑफिसात बसवलं. 'संगणकाचं बघतो' असं तो सगळ्यांना सांगायचा. बघायचा काय, तर दिवसभर गेम. एक दिवस मालकीणबाई त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"खुर्ची गरम करायचा पगार देत नाही मी. चार दिवसांत काहीतरी करून दाखव, नाहीतर उद्यापासून पॉलिशच्या खात्यात."

"काकू, चार दिवस म्हणालात आणि उद्यापासून?"

"तोंड चालतं तसे हात चालव."

पॉलिशच्या खात्यात पितळेची धूळ नाकातोंडात जाते. मिंग-शुनने गेम बंद केला आणि मला लिहायला घेतलं.

मी म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. चित्रं काढायला लागणारं सामान मिंग-शुनला तयार मिळालं. त्या सामानाला हे लोक लायब्ररी म्हणतात, पुस्तक त्यात एकही नसतं. तिला हुकूम द्यावे लागतात. अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, कुठला तो सांग. आकार सांग. रंग सांग. शब्द किती रुंद होईल ते मोजून घे, म्हणजे मधोमध बसेल. मग लेखणी अमुक ठिकाणी ने आणि लिही. सांगितलं तेवढंच ती करते, उलट विचारत नाही. मालकीणबाईंना अशीच माणसं हवी असतात.

या लायब्ररीची एक खोड आहे. एकदा रंग घेतला की दुसरा सांगेपर्यंत ती तोच वापरते. मिंग-शुनने सुट्टीची तारीख लाल रंगात काढली आणि रंग बदलायला विसरला. खाली त्याने हौसेने मालकांचं नाव लिहिलं होतं, तेही लालभडक उमटलं. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. लिहिलं तर माणूस गेला, नाहीतर लिहिणाऱ्याला तो जायला हवाय. सहीऐवजी मारतात तो नावाचा शिक्का मात्र लालच मारायचा, तो चालतो. माणसांचे नियम आहेत, मी काय बोलणार.

मालकीणबाई किंचाळल्या. "काकाला मारायला बसलायस का रे, मेल्या!"

मिंग-शुनने घाईघाईने मला उघडलं. मालकीणबाईंच्या पेल्यातला चहा निवायच्या आत त्याने मला दुरुस्त केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मिंग-शुनला काम येत नव्हतं असं नाही.

मग साच्याची निवड झाली. मालकीणबाईंना ब्रशने लिहिल्यासारखी अक्षरं आवडली, देवळातल्या फलकांवर असतात तशी. मिंग-शुनने तो साचा बसवला आणि सगळ्या संगणकांवर मला नेऊन ठेवलं. पाळीवाल्याचं काम म्हणजे दुपारी जेवणाचे डबे आणायचे, चारच्या चहाला कुणाला किती साखर, किती बर्फ ते विचारून फोन करायचा, आणि कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की पिशव्या घेऊन रस्त्यावर धावायचं. गाडी कुणासाठी थांबत नाही. पूर्वी पाळी कोणाची यावरून रोज भांडण व्हायचं. माझ्यामुळे भांडण मिटलं आणि मालकीणबाई पहिल्यांदा पुतण्याकडे बघून हसल्या.

मग एका सकाळी यादी फिरत फिरत को शुआनवर आली.

शुआन माल परदेशी पाठवायच्या कागदांचं काम करायची. तिशी ओलांडलेली, शांत, आजारी वडिलांबरोबर राहणारी. आडनाव को, नाव एकाच अक्षराचं, शुआन. मी को लिहिलं. पुढचं अक्षर साच्यात शोधलं, ते नव्हतंच. आमच्या चिनी लिपीत हजारो अक्षरं, सगळी प्रत्येक साच्यात नसतात. अक्षर नसेल तर लायब्ररी थांबत नाही, तक्रार करत नाही. त्या जागी एक रिकामी चौकट काढते. मीही काढली. चौकटीची रुंदी मोजली आणि नीट मधोमध बसवली.

हिशेबाच्या टेबलावरच्या फेंगताईंनी चष्मा वर केला. "अगंबाई! हे काय, टोफूचा तुकडा?"

सगळं ऑफिस हसलं. शुआनसुद्धा थोडी हसली. पहिल्या दिवशी माणूस हसतोच.

तिचं नाव असं का होतं, ते मी पुढे तिच्याच तोंडून ऐकलं. जन्मली तेव्हा ती इतकी अशक्त होती की महिनाभर जगेल याची खात्री नव्हती. तिचे वडील को श्वेइ-मू लाकडावर कोरीव काम करणारे. देव, देवळांचे फलक, घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाच्या पाट्या, सगळं कोरायचे. ते जन्मवेळ घेऊन नाव काढून देणाऱ्याकडे गेले. त्या म्हाताऱ्याने आडनावाच्या रेघा मोजल्या, नशिबात काय कमी आहे ते बघितलं, आणि जुन्या कोशातून एक अक्षर काढून दिलं. वर खोल दरी, दरीत एक डोळा, खाली जेडचा खडा. म्हणाला, हे नाव पोरीला धरून ठेवेल. वडिलांनी त्याच दिवशी कापराच्या लाकडाचा छोटा शिक्का घेतला आणि त्यावर ते अक्षर कोरलं. पोर जगली. नावामुळे जगली असं वडील मानायचे. शुआन ते मानत होती की नाही, मला माहीत नाही, पण शिक्का कायम तिच्या पर्समध्ये असायचा. कागदावर मारला की कापराचा वास यायचा, असं फेंगताई म्हणायच्या. मला वास येत नाही.

दुसऱ्यांदा पाळी आली, तेव्हा शुआन मिंग-शुनच्या टेबलापाशी गेली.

"मिंग-शुन, माझं नाव नीट येत नाहीये."

"बघितलं गं. साच्यात ते अक्षरच नाही. बनवणाऱ्याला वाटलं नसेल, असलं नाव कुणी ठेवेल म्हणून."

"मग दुसरा साचा घे ना."

"आणि काकूंना काय सांगू? त्यांनी पसंत केलाय हा."

"नुसत्या माझ्या नावापुरता घे."

"करतो. आजच करतो."

त्याने मला उघडलंसुद्धा. बदलायची ओळ कुठली, तेही त्याला ठाऊक होतं, कारण कर्सर तिथेच येऊन थांबला होता. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने मला मिटलं आणि गेम उघडला. मिंग-शुन दुष्ट नव्हता. आळशी होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या एखाद्या कामावर सगळं ऑफिस खळखळून हसलं होतं. ते त्याला सोडवत नव्हतं.

पुढे ती शुआन राहिली नाही, टोफू झाली. "टोफू, गाडी आली बघ, पळ!" "टोफू, माझ्या चहात साखर नको." ती घामाघूम होऊन कचरा टाकून आली की कुणीतरी नाक दाबायचं, "आता नासका टोफू झाला!" दर वेळी हशा. नवीन आलेल्या पोरींना तर तिचं खरं नाव कधी कळलंच नाही. एकीने माल पाठवायच्या कागदावर नाव लिहायच्या जागी सरळ चौकट काढली. शुआनने ती खोडली आणि वर शिक्का मारला.

मला वाईट वाटलं का? मी चौकट काढत होते. माझ्या लेखी त्या चारच रेघा होत्या, काढायला सोप्या.

मग तिचे वडील आले. मालकांनी देव्हाऱ्यासाठी त्यांच्याकडून एक लाकडी फलक कोरून घेतला होता, तो द्यायला. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कामं घेणं बंद केलं होतं. हे एक घेतलं, ते पोरीच्या मालकाचं म्हणून. फलक कापडात गुंडाळून ते ऑफिसात आले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि पोरीच्या टेबलापाशी उभे राहिले. नेमकी त्या दिवशी पाळी तिची होती.

"हे काय आहे?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"काही नाही बाबा. बसा ना."

"को लिहिलंय. पुढे काय आहे?"

पलीकडून मिंग-शुन म्हणाला, "काका, तुमची लेकच आहे ती. असं नाव ठेवलंत की संगणकानेही हात टेकले."

कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारा हसला नाही. पडद्याच्या अगदी जवळ येऊन त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

"गेलेल्या माणसाची पाटी करताना मी आधी चौकट आखतो," तो सावकाश म्हणाला. "आत काही नसतं. माणूस कोण ते घरचे सांगतात, मग नाव कोरतो. रिकामी चौकट मी कुणाला दाखवत नाही. कापड टाकून ठेवतो. बघणं चांगलं नसतं."

मग तो मिंग-शुनकडे वळला आणि वाकला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पोरासोरापुढे वाकला.

"बाळा, तेवढं नाव भर. तुला देव्हारा हवा असेल तर मी कोरून देईन. हात चालतोय अजून."

मिंग-शुन उठून उभा राहिला. लाजला असावा. "अहो काका, देव्हारा कशाला? करतो ना. आज करतो."

म्हातारा समाधानाने गेला. मालकांना फलक फार आवडला. आणि मिंग-शुनने? तुम्हीच सांगा.

वर्ष संपत आलं. कारखान्याची वर्षअखेरची मेजवानी होती. कारखान्यासमोरच्या मैदानात मांडव घातला होता, गोल टेबलं लावली होती, आचारी भल्यामोठ्या कढयांतून वाफाळती ताटं काढत होते. अशा मेजवानीला सोडत असते. सगळ्यांची नावं पडद्यावर भराभरा पळतात, मालक बटण दाबतात आणि जे नाव थांबेल त्याला बक्षीस. ते काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. मिंग-शुनने लॅपटॉपवर मला नेलं, मोठ्या पडद्याला जोडलं, आणि मी पहिल्यांदाच इतक्या माणसांसमोर उभी राहिले. खरं सांगते, मला मजा वाटत होती.

पहिलं बक्षीस नवीकोरी स्कूटर होती, लाल फीत बांधलेली. शुआन तिच्याकडे बघत होती, हे सगळ्यांनी बघितलं. तिची जुनी स्कूटर वडिलांना दवाखान्यात नेताना पुलावर बंद पडायची. मग ती स्कूटर ढकलत पुढे आणि म्हातारा काठी टेकत मागे, असे दोघे पूल ओलांडायचे. फेंगताई हे सगळ्यांना रंगवून सांगायच्या.

मालकांनी बटण दाबलं. नावं पळाली. बटण पुन्हा दाबलं. मी थांबले.

को, आणि पुढे चौकट. मांडवभर मोठी चौकट.

आधी सगळा मांडव ओरडला. शुआन उभी राहिली. हात तोंडावर, डोळे भरलेले. दोन पावलं पुढेही आली. मालकीणबाईंच्या हातात ध्वनिक्षेपक होता, आणि दारूचे दोन पेले पोटात गेले होते.

"थांबा, थांबा! हे कोण? को कोण? मला तर नाव दिसत नाही."

"टोफू!" मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

"टोफू स्कूटर चालवतो का?" मालकीणबाई म्हणाल्या. मांडव हसून लोळायला लागला. "नियम म्हणजे नियम. पडद्यावर ज्याचं नाव, त्याचं बक्षीस. इथे नाव कुठंय? नाव नाही, बक्षीस नाही. दाबा हो पुन्हा!"

त्यांना थट्टाच करायची होती. पण लोकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की थट्टा मागे घ्यायला जागाच उरली नाही. मालकांनी एकदा शुआनकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि बटण दाबलं. मी पळाले आणि फेंगताईंच्या नावावर थांबले. त्यांचं नाव कसं स्वच्छ, ठसठशीत उमटलं.

फेंगताई क्षणभर बसून राहिल्या. मग उठल्या आणि किल्ली घेतली. "मी नको म्हटलं तर ती टोफूला मिळणार आहे का? नाही ना?" असं त्या टेबलावर परत येऊन म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं. शुआन अजून तिथेच उभी होती. एका वाढप्याने तिला बाजूला सरकवलं, कारण माशाचं ताट यायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सरकारी कचेरीत जाऊन नाव बदलून आली. आमच्याकडे ते सोपं आहे, लोक नशीब बदलायला नाव बदलतात. तिने यी-जुन नाव घेतलं. बाजारात उभं राहून या नावाने हाक मारली तर चार बायका वळून बघतील. ते तिने मुद्दामच घेतलं. प्रत्येक साच्यात, प्रत्येक संगणकात असलेलं नाव तिला हवं होतं. पॅकिंगमध्ये एक यी-जुन आधीच होती, म्हणून मालकीणबाईंनी हिला धाकटी यी-जुन ठरवलं. दोन दिवस लोकांनी तशी हाक मारली, मग टोफूवर आले.

दुपारी जेवणानंतर आमच्या ऑफिसात दिवे बंद करतात आणि सगळे टेबलावर डोकं ठेवून झोपतात. अशा वेळी फेंगताईंनी तिला हळूच विचारलं. स्कूटर घेतल्यापासून त्या तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायच्या.

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"चिडले?"

"नाही. म्हणाले, शिक्का आण. मला वाटलं, जपून ठेवतील." तिने पर्समधून शिक्का काढला. "त्यांनी जुनं अक्षर घासून काढलं, ताई. सपाट केलं. त्याच लाकडावर नवं नाव कोरून दिलं. म्हणाले, तुला कामाला लागतो, आणि लाकूड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं."

"बरं झालं की मग."

"घासताना त्यांना रडू आलं. मी बघितलं नाही असं दाखवलं."

फेंगताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांना झोप लागली.

तिचं नाव म्हणून ते अक्षर आता एकाच ठिकाणी उरलं होतं, माझ्या यादीत. शुआनने, म्हणजे यी-जुनने, यादीतलं नाव बदल म्हणून मिंग-शुनला सांगितलं होतं आणि तो 'करतो' म्हणाला होता. त्यामुळे तिच्या पाळीला मी तीच चौकट काढत राहिले. "नाव बदललं तरी टोफू तो टोफूच!" हा नवा विनोद काही दिवस चालला.

वसंतात जपानहून मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. पाहुण्यांचं नाव त्सुजी. मालकीणबाई म्हणाल्या, सगळ्या पडद्यांवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं, स्वागतासाठी. मिंग-शुनने लिहिलं. पण त्यांचं अक्षर जपानी, आमच्या ब्रशच्या साच्यात नसलेलं. सकाळी मालकीणबाई आत आल्या आणि बघतात तर प्रत्येक पडद्यावर 'सुस्वागतम्' आणि पुढे रिकामी चौकट.

"मिंग-शुन! पाहुणा फाटकात गाडी लावतोय आणि तू त्याला टोफू करून ठेवलायस?"

"एक मिनिट, काकू."

त्याने मला उघडलं. त्याच ओळीवर गेला, जिथे तेव्हा चहा आला होता. या साच्यात अक्षर सापडलं नाही तर त्या दुसऱ्या साच्यात बघ, एवढंच त्याने लिहिलं. त्सुजीसाहेब जिना चढून वर येईपर्यंत त्यांचं नाव प्रत्येक पडद्यावर झळकत होतं. ते खूश झाले, वाकले, फोटो काढला. ऑर्डर मिळाली. मालकीणबाईंनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी संगणक सुरू झाले आणि पाळी तिची होती. मी को लिहिलं. पुढचं अक्षर साच्यात शोधलं, नव्हतं. दुसऱ्या साच्यात शोधलं.

होतं.

मी ते काढलं. आधी दरी, मग दरीतला डोळा, मग खाली जेडचा खडा. इतक्या रेघा मी एका अक्षरात कधी काढल्या नव्हत्या. रुंदी मोजली, मधोमध बसवलं. ऑफिसातल्या प्रत्येक पडद्यावर ते अक्षर एकाच वेळी उभं राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मला दर सेकंदाला पुसू नये.

"हे कसलं अक्षर?" नवीन पोरींपैकी एक म्हणाली. "कसलं सुंदर आहे! कोणाचं नाव हे?"

"टोफूचं," फेंगताई म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, त्या खाली बघून हिशेब करायला लागल्या.

ती दारात उभी होती. हातात डब्याची पिशवी. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"मिंग-शुन," ती म्हणाली, "हे आधी करता येत होतं?"

"येत होतं की. एकच ओळ होती गं!" तो अभिमानाने म्हणाला. "जपान्यासाठी केली, तुझंही होऊन गेलं. अरे, पण हे जुनं नाव राहिलंय यादीत. थांब, आत्ता बदलतो."

"नको!" ती इतक्या जोरात कधी बोलली नव्हती. "आजचा दिवस राहू दे. मी बाबांना आणते दाखवायला. आत्ता आणते. मी येईपर्यंत हात लावू नकोस."

"बरं बरं, आण. मी कुठे पळून चाललोय?"

ती धावतच गेली. जुनी स्कूटर सुरू व्हायला वेळ लागला, तो आवाज आत ऐकू येत होता. मिंग-शुनने खरंच हात लावला नाही, हेही सांगायला हवं. पण मग मालकीणबाई फेरीवर आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"हे कोण?"

"टोफूचं जुनं नाव, काकू. ती बाबांना..."

"या नावाचं कुणी माणूस आपल्याकडे नाही. दुपारी कामगार खात्याचे साहेब यायचेत. हजेरीपटात एक आणि पडद्यावर एक दिसलं तर तू उत्तरं देणार का? काढ ते."

"काकू, दुपारपर्यंत..."

"मिंग-शुन, पॉलिशचं खातं अजून आहे तिथेच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने 'करतो' म्हटलं आणि लगेच केलं.

मी स्वतःला पुसलं आणि पुन्हा लिहिलं. को यी-जुन. अगदी मधोमध.

ती वडिलांना हाताला धरून जिना चढवत घेऊन आली. म्हाताऱ्याला धाप लागली होती. काय दाखवायचंय ते तिने त्यांना सांगितलं नव्हतं, तिला त्यांचा चेहरा बघायचा होता. "इकडे या बाबा, इथून बघा," म्हणत तिने त्यांना टेबलापाशी आणलं आणि मग स्वतः पडद्याकडे बघितलं.

मिंग-शुन छताकडे बघत होता. फेंगताई हिशेब करत होत्या.

म्हातारा पुढे वाकला. तेव्हासारखाच, अगदी जवळ आला. को यी-जुन. त्याने नाव पुन्हा पुन्हा वाचलं आणि मान डोलावली.

"छान आलंय की," तो म्हणाला. "चौकट गेली. आता काळजी नाही."

तिने त्यांची काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"हेच दाखवायला आणलंस होय मला एवढ्या लांब?"

"हो बाबा," ती म्हणाली. "हेच."

तेवढ्यात रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. कुणीतरी सवयीने ओरडलं, "टोफू, गाडी!" तिने वडिलांना खुर्चीवर बसवलं, कोपऱ्यातल्या पिशव्या उचलल्या आणि धावत खाली गेली. म्हातारा हात मांडीवर ठेवून बसून राहिला, माझ्याकडे बघत, खूश.

आता म्हातारा नाही. मी मात्र अजून त्याच कोपऱ्यात आहे. ती माझ्याकडे बघत नाही. पाळी असली तर ती मला न वाचताच जाऊन डबे घेऊन येते.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. ते अक्षर मला आता येतं, दरी, डोळा, जेडचा खडा, सगळं. यादीत नाही म्हणून मला ते काढता येत नाही. त्या ऑफिसात कधी गेलात तर मिंग-शुनला सांगा, एक दिवसापुरतं ते परत घाल. तो 'करतो' म्हणेल.